अकरा सारखे रिपोर्ट

म्हैसूरच्या विजयनगर भागातल्या त्या दीडशे खाटांच्या इस्पितळात यशस्विनी वॉर्डात शिरली की डॉक्टर मंडळी बोलणं आवरतं घेत. ती तिथं क्लिनिकल फार्मासिस्ट होती. दोन वर्षांपूर्वी तिच्यावर एक जादा काम आलं होतं. शेवटच्या फळीतली अँटिबायोटिक्स कोण, कुणाला आणि किती दिवस देतंय, यावर तिनं नजर ठेवायची. बाकी सगळी औषधं हरली तरच वापरायची अशी ही औषधं. उठसूट दिली तर जंतू त्यांनाही सरावतात, आणि पुढच्या रोग्यासाठी हाताशी काहीच उरत नाही. म्हणून कोलिस्टिनसारखं औषध सुरू करताना डॉक्टरनं गुलाबी फॉर्म भरायचा, कारण लिहायचं आणि अठ्ठेचाळीस तासांनी फेरविचार करून पुन्हा सही करायची, असा नियम होता. ते फॉर्म यशस्विनीच्या टेबलावर येत.

मे महिन्यापर्यंत कोलिस्टिनचा महिन्याला एखादा फॉर्म यायचा, कधी तोही नाही. जूनमध्ये दोन आले, जुलैत तीन आणि ऑगस्टमध्ये पाच. सगळे आयसीयूतले, आणि प्रत्येकावर सही डॉ. कुशल यांची. अठ्ठेचाळीस तासांच्या चौकटीतही तेच दोन शब्द, ‘चालू ठेवावे’.

डॉ. कुशल कोडगूचे, चाळिशीच्या आतले. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते आयसीयूचे प्रमुख म्हणून रुजू झाले होते. कुणाशी फारसं बोलत नसत. यशस्विनीनं फॉर्मबद्दल काही विचारलं की “कल्चर रिपोर्ट जोडलाय, वाचा,” एवढंच सांगून पुढच्या खाटेकडे जात.

“ते आल्यापासूनच सगळं सुरू झालं, नोडु, बघ तू,” आयसीयूची इन-चार्ज श्रीलक्ष्मी सिस्टर तिला कॅन्टीनमध्ये म्हणाली. अख्ख्या इस्पितळात यशस्विनीबरोबर कॉफी प्यायला बसणारी ती एकटीच. दोघींच्या घरी मराठी. यशस्विनीच्या घरची जुन्या शिलेदारांची, श्रीलक्ष्मीच्या घरची रंगाऱ्यांची. दोन्हीत कन्नड इतकं मिसळलेलं, की पुण्याहून आलेला पाहुणा दोन्ही ऐकून सारखाच गोंधळे. “औषध कंपनीचा तो माणूस दर मंगळवारी यांच्या केबिनमध्ये. गेल्या वेळी हातात डबा होता. मी सुम्ने, उगाच नाही सांगत.”

पुढच्या मंगळवारी यशस्विनी मुद्दाम त्या बाजूनं गेली. तो माणूस केबिनमधून बाहेर पडत होता आणि त्याचे हात रिकामे होते. दार लोटायच्या आत तिला टेबलावरचा डबा दिसला. तिनं तारीख वहीत टिपून ठेवली. कुणाला दाखवायला म्हणून नव्हे, पण टिपली.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तिचे अप्पा, म्हणजे वडील दत्तोजीराव, न्हाणीघरात घसरले. वय एक्काहत्तर, खुब्याचं हाड मोडलं. अम्मानं, म्हणजे तिच्या आईनं, गौराबाईंनी, दुसऱ्या कुठल्या इस्पितळाचं नावच काढू दिलं नाही. “लेक ज्या जागी काम करते तिथंच,” त्या म्हणाल्या. ऑपरेशन नीट झालं. पण भुलीतून बाहेर येताना श्वास नीट चालेना म्हणून दत्तोजीरावांना आयसीयूत व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. तिसऱ्या दिवशी नळी निघाली. त्यांनी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, “घोडं कुठं बांधलं?” आणि स्वतःच हसले. पूर्वजांच्या घोड्यांवरून विनोद करायची त्यांची जुनी खोड होती. यशस्विनीच्या जिवात जीव आला.

पाचव्या दिवशी सकाळी तिच्या टेबलावर गुलाबी फॉर्म आला. रोगी दत्तोजीराव, औषध कोलिस्टिन, सही डॉ. कुशल.

ती जिना चढून धावतच आयसीयूत गेली. अप्पांच्या खाटेशी लावलेली फाइल तिनं उघडली. ताप नाही. छातीचा एक्सरे स्वच्छ. ऑक्सिजन नाकातल्या बारीक नळीवर, तोही कमी केलेला. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून तपासायला, कफाचा नमुना मात्र व्हेंटिलेटरची नळी निघायच्या आदल्या दिवशी घेतला होता आणि रिपोर्टात जंतूचं नाव लिहिलं होतं, क्लेब्सिएला. खाली वीस औषधांची यादी, एकोणीस निकामी. एकच लागू, कोलिस्टिन. ते औषध काल संध्याकाळपासून चालू होतं.

डॉ. कुशल हात धूत होते. ती त्यांच्यामागं जाऊन उभी राहिली.

“सर, अप्पांना ताप नाही. एक्सरे साफ आहे. मग हे कशासाठी?” तिनं कन्नडमध्ये विचारलं.

“रिपोर्टमध्ये जंतू आहे.”

“जंतू सापडणं आणि जंतूनं आजारी पडणं यात फरक आहे. हे तुम्ही मला शिकवायला हवं, मी तुम्हाला नव्हे.”

त्यांनी हात पुसले. पुसायला वेळ लावला. “वय एक्काहत्तर. दोन दिवसांपूर्वीपर्यंत व्हेंटिलेटरवर होते. समजा मी औषध दिलं नाही आणि परवा ते गेले. मग तुमचा गुलाबी कागद मला वाचवायला येणार आहे? की तुम्हीच माझ्याविरुद्ध उभ्या राहाल?”

“तुम्ही प्रत्येकाला असंच देता. जूनपासून.”

“तुम्ही मोजता, हे मला माहीत आहे,” ते म्हणाले. “मंगळवारीही मोजता.”

तिचा चेहरा तापला.

घरी आल्यावर तिनं अम्माला सांगितलं. गौराबाई डब्यात भात भरत होत्या. “अय्यो, डॉक्टरवर संशय धरायचा नसतो गं. औषध अंगी लागत नाही मग.”

“अम्मा, या औषधानं किडनी खराब होते. लागत असेल तर द्यायलाच हवं, पण लागत नसेल तर?”

“हौदा? खरंच?” गौराबाईंचा हात थांबला. “मग तू कशाला आहेस तिथं?”

दुसऱ्या दिवशी रक्ततपासणी आली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणारा आकडा, एकवरून एक पूर्णांक नऊवर गेला होता. लघवी कमी झाली होती. अप्पांच्या पायांवर सूज होती, आणि आज ते घोड्यांबद्दल काही बोलले नाहीत.

तिनं खण उघडून जुने दहा फॉर्म काढले, त्यांना जोडलेले दहा रिपोर्ट वेगळे केले आणि अप्पांचा अकरावा शेवटी ठेवला. अकरा कागद तिनं टेबलावर ओळीनं मांडले. आतापर्यंत ती एकेक फॉर्म वाचत आली होती, सगळे शेजारीशेजारी तिनं कधी ठेवलेच नव्हते. अकराही रिपोर्टांत तोच जंतू. तीच एकोणीस औषधं निकामी, तेच एक लागू. अकरा वेगवेगळी माणसं, त्यांतले एक बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतले वृद्ध लामा, एक गरोदर शिक्षिका, एक ट्रक ड्रायव्हर. आणि रिपोर्ट जणू एकाच माणसाचा.

तिला आधी सुचलं तेच तिनं खरं धरलं. रिपोर्ट खोटे आहेत. कुणीतरी एकच रिपोर्ट नाव बदलून छापतंय, आणि ते कुणाच्या सांगण्यावरून, हेही उघड आहे.

कागद घेऊन ती तळमजल्यावरच्या लॅबमध्ये गेली. सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉ. वनजा साठीला आलेल्या, चष्मा कपाळावर ढकलून काम करणाऱ्या. त्याही घरी मराठी बोलत, म्हणून यशस्विनी त्यांना एकांतात अक्का म्हणे.

“अक्का, हे तुमच्याकडूनच निघालेत?”

वनजांनी कागद पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं. “तू काय विचारतीस ते कळलं मला. ये इकडं.”

त्यांनी फ्रीज उघडला. आत बारीक नळ्यांची ओळ होती, प्रत्येकीवर नंबर आणि तारीख. “अकराच्या अकरा जंतू जपून ठेवलेत मी. हे काही छापून येत नाहीत, वाढवावे लागतात. मलाही ऑगस्टात शंका आली होती. मला वाटलं, आयसीयूत हात धूत नाहीत. ऑफिसला कळवलं. त्यांनी भिंतीवर हात धुण्याचं पोस्टर लावलं, साकु, संपलं.”

“म्हणजे खरंच सगळ्यांना हाच आजार झाला?”

“ते मी कसं सांगू? नमुना येतो तो मी बघते, माणूस तू बघतीस.” त्या खुर्चीवर बसल्या. “पण एक सांग, यातल्या किती जणांच्या रक्तात जंतू सापडला?”

दोघींनी संगणकावर एकेक नाव काढलं. अकरा जणांपैकी एकाच्याही रक्तात नाही. लघवीत नाही, जखमेत नाही. फक्त कफात, आणि तोही व्हेंटिलेटरच्या नळीतून काढलेल्या.

वनजांनी यादी वरपासून पुन्हा वाचली. “नळीतून कफ काढताना तो घट्ट असला की सलाईन सोडतात थोडं आत, अल्वा, नाही का? पातळ व्हायला.”

“हो.”

“उद्या सकाळी मी वर येते. आयसीयूतल्या प्रत्येक ओल्या वस्तूचा नमुना घ्यायचा. कुणाला सांगू नकोस. श्रीलक्ष्मीलाही नाही.”

“तिला का नाही?”

“कुणालाच नाही म्हणाले मी.”

सकाळी आठ वाजता वनजा नमुन्यांच्या नळ्यांचा ट्रे घेऊन आयसीयूत शिरल्या. त्यांनी वॉशबेसिन, ऑक्सिजनची पाण्याची बाटली, सक्शनचा पाईप, हातांच्या जेलची बाटली, सगळ्यांचे नमुने घेतले. श्रीलक्ष्मी आधी हसून “काय मॅडम, परीक्षा का?” म्हणाली. मग यशस्विनीच्या लक्षात आलं की ती औषधांच्या ट्रॉलीपासून हलत नाहीये. ट्रॉलीवर अर्ध्या लिटरची सलाईनची बाटली होती. बुचात एक सुई खोचून ठेवलेली, लागेल तेव्हा सिरिंज लावून ओढून घ्यायला. बाटलीवर उघडल्याची तारीख नव्हती.

“ती बाटली द्या,” वनजा म्हणाल्या.

“ती आजच उघडलीय.”

“बरं. तरी द्या.”

श्रीलक्ष्मीनं बाटली दिली. देताना तिनं यशस्विनीकडे पाहिलं नाही.

जंतू वाढायला दोन दिवस लागणार होते. दोन दिवसांत अप्पांना कोलिस्टिनचे आणखी डोस जाणार होते. दुपारी यशस्विनी पुन्हा डॉ. कुशल यांच्या केबिनमध्ये गेली. अकरा कागद तिनं त्यांच्यासमोर पसरले आणि सांगायचं ते सांगितलं. सलाईनच्या बाटलीचंही. फक्त रिपोर्ट खोटे असल्याचा आपला आधीचा संशय तिनं सांगितला नाही.

ते कागद दोनदा वाचून झाल्यावर म्हणाले, “मला वाटत होतं लॅबचा घोळ आहे. दोनदा त्यांना फोन करून विचारलं. त्यांनी सांगितलं, रिपोर्ट बरोबर आहे. मग मी काय करणार होतो?”

“अप्पांचं औषध थांबवा.”

“बाटलीत काही निघालं नाही तर?”

“तर पुन्हा सुरू करा.”

“दोन दिवसांत माणूस जातो, यशस्विनी.” त्यांनी पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं. “तुम्ही मुलगी म्हणून सांगताय की फार्मासिस्ट म्हणून?”

तिला खरंच ठरवता येईना. तिच्या मनात अजूनही होतं, की हा माणूस नकार देतोय तो भीतीपोटी नाही, दुसऱ्याच कशापोटी. आणि याच माणसाच्या हातात अप्पा होते. तिनं पेन घेतलं आणि फाइलमध्ये लिहिलं: संसर्गाची लक्षणं नाहीत, किडनीला इजा होत आहे, कोलिस्टिन थांबवण्याची शिफारस. खाली सही केली. डॉ. कुशल यांनी ते वाचलं, खाली ‘सहमत’ लिहिलं आणि आपली सही केली. मग फोन उचलून औषध बंद करायला सांगितलं.

ते दोन दिवस यशस्विनी अप्पांच्या कपाळाला दर तासाला हात लावत होती. गौराबाई आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून जप करत होत्या. मुलीनं काय केलंय हे त्यांना माहीत होतं. लेक बाहेर आली की त्या आधी तिचा चेहरा बघत. दुसऱ्या दिवशी दुपारी थर्मामीटर शंभरवर गेला. यशस्विनीनं लगेच फोन लावला. तासाभरानं डॉ. कुशल यांनी स्वतः येऊन पाहिलं, सलाईन लावलेल्या हाताची शीर सुजली होती. सुई काढल्यावर ताप उतरला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वनजांचा फोन आला. “बाटलीत आहे. तोच.”

यशस्विनीनं श्रीलक्ष्मीला औषधांच्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं.

“ती बाटली आज उघडलेली नव्हती, सिस्टर.”

“चौथा दिवस होता.” श्रीलक्ष्मी कपाटाला टेकली. “संपत आली की दुसरी आणतो. पण कधी कधी पहिलीतलं उरलेलं दुसरीत ओततो. फेकवत नाही.”

“आणि मला सांगत होतीस डॉक्टर कुशल, डॉक्टर कुशल.”

“मला तेव्हा तसंच वाटत होतं. शपथ. परवा मॅडमनी बाटली मागितली तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं.” तिनं कपाटाचा खण ओढला. “पूर्वी आम्ही मोठी बाटली वापरायचो का? दहा मिलीच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या होत्या. एक फोडायची, वापरायची, टाकायची. मेअखेरीला त्या बंद झाल्या. मी स्टोअरला दोनदा लिहिलं. त्यांनी मला परिपत्रक दाखवलं. तुला बघायचंय?”

तिनं खणातून कागद काढला. ‘छोट्या कुप्यांचा पुरवठा अनियमित असल्याने यापुढे सर्व विभागांनी अर्ध्या लिटरची बाटली वापरावी.’ खाली इस्पितळाच्या औषध समितीच्या वतीनं सही होती, यशस्विनी डी.

तो दिवस तिला आठवेना. सही तिचीच होती, तिरकी, घाईची. समितीची सदस्य म्हणून महिन्याला अशा तीस-चाळीस कागदांवर ती सह्या करत असे. शेवटच्या फळीतल्या औषधांवर तिची नजर होती. साध्या मिठाच्या पाण्याकडे बघायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

“तुला माहीत होतं? माझी सही आहे हे?”

“माहीत होतं,” श्रीलक्ष्मी म्हणाली. “तुला कशाला दुखवायचं म्हणून बोलले नाही.”

त्या संध्याकाळी सुपरिंटेंडेंटच्या खोलीत बैठक झाली. त्यांचं म्हणणं, बाटल्या बदला, कुप्या पुन्हा मागवा आणि अहवालात ‘कारण निश्चित नाही’ असं लिहा. वनजा म्हणाल्या, निश्चित आहे. डॉ. कुशल म्हणाले, जे दहा रोगी होऊन गेले त्यांना कळवलं पाहिजे. त्यांतल्या काहींना बाटलीतला जंतू फुप्फुसात जाऊन खरोखरच न्युमोनिया झाला असेल, काहींना काहीही नसताना औषध मिळालं असेल. कोण कुठल्या बाजूचा, हे आता शोधायला हवं. सुपरिंटेंडेंटनी यशस्विनीकडे पाहिलं. अहवाल तिनंच लिहायचा होता.

तिनं तो रात्र पडायच्या आत लिहिला. परिपत्रकाची तारीख लिहिली, सही कुणाची तेही. श्रीलक्ष्मीनं दोनदा लेखी तक्रार केली होती, हेही लिहिलं. सुपरिंटेंडेंटनी ते पान गाळायला सांगितलं. तिनं गाळलं नाही आणि अहवालाच्या प्रती वनजांना आणि डॉ. कुशल यांनाही दिल्या. पुढच्या महिन्यात तिला औषध समितीतून काढण्यात आलं. फॉर्मचं काम मात्र तिच्याकडेच राहिलं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. श्रीलक्ष्मीनं बदली मागून घेतली. आता ती कॉफीला येत नाही. जिन्यात भेटली तर दोघी थांबतात, अम्मा कशी आहे वगैरे विचारतात आणि आपापल्या वाटेनं जातात.

दत्तोजीराव सोळाव्या दिवशी घरी गेले. क्रिएटिनिन दीडपर्यंत उतरलं आणि तिथंच अडलं. डॉक्टर म्हणाले, बहुधा आता एवढंच. गौराबाईंनी स्वयंपाकातलं मीठ कमी केलं. दत्तोजीराव जेवताना कुरकुर करतात, वॉकर घेऊन अंगणात फिरतात.

अकरांपैकी दोघं हयात नव्हते, लामा आणि ट्रक ड्रायव्हर. दोघंही आधीच फार आजारी होते, आणि वनजांनी फाइली उलटसुलट चाळूनही त्यांना नेमकं कशानं नेलं ते सांगता येईना. बाकीच्यांना डॉ. कुशल आणि यशस्विनी रविवारी रविवारी भेटायला जात. इस्पितळानं गाडी दिली नाही, डॉ. कुशल यांच्या गाडीतून जात. मंगळवारचा तो डबा कशाचा होता, हे विचारायचं वाटेत तिच्या अनेकदा ओठांवर आलं. तिनं विचारलं नाही, आणि संशय पुरता गेला असंही तिला म्हणवत नव्हतं.

चौथ्या रविवारी ते कृष्णराजनगरला गेले. सुब्बराव नावाचे निवृत्त मास्तर जुलैत आयसीयूत होते. आता त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी म्हैसूरला यावं लागे. घरामागं भाताची खाचरं होती. मास्तर पडवीत खुर्चीत बसले होते. डॉ. कुशल यांनी सगळं नीट, हळू सांगितलं. मास्तरांच्या सुनेनं मध्येच पदर तोंडाला लावला.

“म्हणजे मला तो आजार नव्हताच?” मास्तरांनी विचारलं.

“तुमच्या फाइलवरून तसंच दिसतं. बहुतेक नव्हता.”

“बहुतेक.” मास्तरांनी तो शब्द एकदा उच्चारून पाहिला. मग ते यशस्विनीकडे वळले. “आणि तुम्ही कोण?”

“ही औषधं जास्त वापरली जात नाहीत ना, हे बघणारी मी. आणि त्या छोट्या कुप्या बंद करण्याच्या कागदावर सही माझी आहे.”

सुनेनं रागानं तिच्याकडे पाहिलं. मास्तरांनी मात्र हात पुढं केला. “तो कागद आणलाय? अहवाल का काय म्हणालात तो?”

तिनं पिशवीतून अहवाल काढून दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि परत तिच्याकडे दिला.

“अक्षरं नीट दिसत नाहीत हल्ली. बसा,” ते सुनेनं आणलेल्या स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाले. “पहिल्यापासून वाचा. मला कळेल अशा कन्नडमध्ये. आणि मी थांबवलं की थांबायचं, मला विचारायचं आहे.”

ती बसली आणि वाचायला लागली. दुसऱ्याच ओळीला त्यांनी हात वर केला.